१६ ऑगस्ट : तारीख, कागद आणि नाममुद्रा

आमच्या मराठी विभागाच्या दाराशी एक काळा फळा आहे. त्यावर रोज सकाळी 'दिनविशेष' लिहिण्याची प्रथा आम्ही रुजू होण्यापूर्वीपासून चालत आलेली आहे. मजकूर विद्यार्थ्यांनी लिहायचा आणि ऱ्हस्व-दीर्घ आम्ही तपासायचे, अशी कामाची वाटणी. स्वातंत्र्यदिनाच्या दुसऱ्या दिवशी मात्र या फळ्याकडे सहसा कोणाचे लक्ष नसते. आदल्या दिवशीची रांगोळी पायांखाली पुसट झालेली असते, पताका उतरवायच्या राहिलेल्या असतात आणि कालच्या भाषणांनंतर आज कोणाला काही वाचायची इच्छा उरलेली नसते.

काही वर्षांपूर्वी अशाच एका १६ ऑगस्टला फळ्यावर एकच ओळ होती : 'कवी नारायण सुर्वे स्मृतिदिन (२०१०)'. दुपारपर्यंत तिच्याखाली वेगळ्या हस्ताक्षरात आणखी काही ओळी उमटल्या. 'रॉबर्ट जॉन्सन, निधन, १९३८. एल्विस प्रेस्ली, निधन, १९७७. नुसरत फतेह अली खाँ, निधन, १९९७. अरेथा फ्रँकलिन, निधन, २०१८.' आणि अगदी तळाशी, जागा पुरत नसल्यामुळे बारीक अक्षरांत : 'पीट बेस्टला बीटल्समधून काढले, १९६२.' लिहिणारा विद्यार्थी द्वितीय वर्षाचा होता. तो गिटार वाजवतो, एवढेच आम्हांला ठाऊक होते. त्याला बोलावून आम्ही कौतुक केले, तेव्हा त्याने आम्हांलाच एक प्रश्न विचारला. "सर, सुर्व्यांच्या जन्मदिवशीही आपण फळा लिहितो. पण ते तर रस्त्यावर सापडले होते ना? मग जन्मतारीख कोणी ठरवली?"

त्या दिवशी आम्ही काहीतरी गुळमुळीत उत्तर देऊन वेळ मारून नेली. प्रस्तुत लेख म्हणजे त्या उत्तराची दुरुस्ती आहे.

दिनविशेष हा मोठा भाबडा वाङ्मयप्रकार आहे. एका तारखेखाली परस्परांशी संबंध नसलेली माणसे तो शेजारीशेजारी बसवतो आणि वाचणाऱ्याला क्षणभर वाटते की या शेजाराला काही अर्थ असावा. तसा तो नसतो. वर्षाला दिवस तीनशे पासष्ट आणि गाणारी माणसे असंख्य. कोणतीही तारीख उचलली तरी तिच्या पदरात चार थोर नावे पडणारच. तेव्हा १६ ऑगस्ट या दिवसात काही गूढ दडले आहे असे आम्हांला मुळीच सुचवायचे नाही. परंतु या यादीकडे दुसऱ्या एका बाजूने पाहता येते. यादीतील प्रत्येक ओळीला विचारावे : ही तारीख आमच्यापर्यंत पोहोचली कशी? ती कोणत्या कागदावर, कोणी आणि कशासाठी लिहून ठेवली? असे विचारू लागले की लोकप्रिय संगीताच्या इतिहासातील एक जुना आणि न मिटलेला तंटा आपल्यासमोर उघडा पडतो. तो तंटा आहे आवाज आणि कागद यांच्यातला.

* * *

सुरुवात १९३८ पासून करू. अमेरिकेतील मिसिसिपी राज्यात, ग्रीनवूड या गावाजवळ, १६ ऑगस्ट १९३८ रोजी रॉबर्ट जॉन्सन हा ब्लूज गायक मरण पावला. वय सत्तावीसच्या आसपास. 'आसपास' म्हणायचे, कारण ८ मे १९११ ही त्याची जन्मतारीख सर्वसाधारणपणे स्वीकारली जात असली, तरी शाळेच्या, विवाहाच्या आणि मृत्यूच्या नोंदींत त्याचे वय एकमेकांशी जुळत नाही. कापसाच्या मळ्यांवर राबणाऱ्या कृष्णवर्णीय कुटुंबातील पोराची जन्मवेळ काटेकोरपणे टिपून ठेवण्याची गरज तेथील व्यवस्थेला वाटलेली नव्हती.

या माणसाने आयुष्यात दोनदा ध्वनिमुद्रण केले : नोव्हेंबर १९३६ मध्ये सॅन अँटोनियो येथे आणि जून १९३७ मध्ये डॅलस येथे. एकूण गाणी एकोणतीस. त्याच्या हयातीत त्यांतली फारच थोडी खपली. तो गेल्याची बातमी कोणत्याही मोठ्या वृत्तपत्राने दिली नाही. त्याच वर्षीच्या डिसेंबरात न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये जॉन हॅमंड या संगीत-निर्मात्याने कृष्णवर्णीय संगीतपरंपरेचा एक मोठा कार्यक्रम योजला होता. त्यात जॉन्सनने गावे म्हणून त्याचा शोध सुरू झाला, तेव्हा कळले की तो केव्हाच गेला आहे. मग हॅमंडने रंगमंचावर त्याच्या ध्वनिमुद्रिका वाजवल्या. गायक नसलेल्या रंगमंचासमोर सभागृहाने त्याचा आवाज ऐकला. ब्लूजच्या इतिहासातील हा प्रसंग अनेकांनी सांगितला आहे, पण त्याचा अर्थ आम्हांला फार उशिरा कळला. आवाज कार्नेगी हॉलपर्यंत पोहोचला, आणि त्याच्या धन्याच्या मृत्यूची तारीख मात्र अजून कोणी शोधलेलीही नव्हती.

ती सापडली तीस वर्षांनी. १९६८ साली गेल डीन वॉर्डलो या संशोधकाने सरकारी दप्तरातून जॉन्सनच्या मृत्यूचा दाखला शोधून काढला. दाखल्यात मृत्यूचे कारण म्हणून कोणत्याही रोगाचे नाव नव्हते. त्या जागी 'डॉक्टर नव्हता' अशा अर्थाचे शब्द होते. म्हणजे फळ्यावर आपण 'निधन, १९३८' असे जे बिनदिक्कत लिहितो, ते त्या एका अपुऱ्या कागदाच्या जोरावर. कागद जेथे गप्प राहतो तेथे दंतकथा बोलू लागते. कोणी म्हणाले दारूतून विष दिले. कोणी म्हणाले त्याने मध्यरात्री चव्हाट्यावर सैतानाला आत्मा विकून गिटारची विद्या मिळवली होती. त्याची कबर नेमकी कोठे आहे यावरही एकमत नव्हते आणि ग्रीनवूडच्या परिसरात त्याच्या नावाच्या तीन स्मृतिशिला तीन ठिकाणी उभ्या राहिल्या.

१९६१ साली त्याची गाणी एकत्रित स्वरूपात पुन्हा निघाली. एरिक क्लॅप्टन, कीथ रिचर्ड्स यांच्या पिढीने ती डोक्यावर घेतली. १९९० मध्ये निघालेल्या समग्र संचाच्या दहा लाखांहून अधिक प्रती खपल्या. आता पैशाचा प्रश्न आला, आणि पैसा आला की कागद लागतोच. वारस कोण, यावर न्यायालयात वाद झाला आणि २००० साली मिसिसिपीच्या सर्वोच्च न्यायालयाने खडी वाहून नेणारा ट्रक चालवून पोट भरलेल्या एका वृद्धाला जॉन्सनचा मुलगा म्हणून मिळालेली मान्यता कायम केली. त्याच्या बाजूच्या पुराव्यांत एक जन्मदाखला होता. त्यात पित्याचे नाव लिहिलेले होते आणि व्यवसाय : मजूर. गायक असे कोठेही लिहिलेले नव्हते.

* * *

विद्यार्थ्याने तळाशी कोंबलेली १९६२ ची ओळ आम्हांला आधी किरकोळ वाटली होती. कोणी मरण पावले नाही, कोणी जन्मले नाही. लिव्हरपूलमध्ये ब्रायन एप्स्टाइन या व्यवस्थापकाने पीट बेस्ट या ड्रमवादकाला बोलावून घेतले आणि यापुढे तुझी जागा रिंगो स्टार घेईल असे सांगितले, एवढेच. बेस्ट दोन वर्षे त्या चमूत होता. हॅम्बुर्गच्या क्लबांतून रात्र-रात्र वाजवण्याचे, उपासमारीचे आणि उमेदवारीचे दिवस त्याने इतरांबरोबर काढले होते. जून १९६२ मध्ये इएमआय कंपनीच्या लंडनमधील स्टुडिओत चाचणी-ध्वनिमुद्रण झाले, तेव्हाही तोच वाजवत होता. त्याचे वादन निर्माता जॉर्ज मार्टिन याला पसंत पडले नाही. चमूची पहिली ध्वनिमुद्रिका ऑक्टोबर १९६२ मध्ये बाजारात आली, म्हणजे बेस्ट बाहेर पडल्यानंतर जेमतेम सात आठवड्यांनी.

जॉन्सनच्या बाबतीत आवाज होता आणि कागद नव्हता. बेस्टच्या बाबतीत कागद आहे, तारीख आहे, साक्षीदारही आहेत. पण मुद्रिकेवर आवाज नाही, आणि म्हणून इतिहासात तो आहे तो केवळ एका वजाबाकीच्या रूपाने. १९९५ साली बीटल्सची जुनी ध्वनिमुद्रणे संग्रहरूपाने प्रसिद्ध झाली. त्यांत बेस्टने वाजवलेल्या काही गाण्यांचा समावेश होता आणि त्यांचे मानधन त्याला तेहेतीस वर्षांनी मिळाले. ज्या चाचणीत तो नापास झाला होता तिचेच हे मानधन, हा योगायोग मात्र लक्षात घेण्याजोगा आहे. लोकप्रिय संगीताच्या इतिहासात कोण 'होते' हे पुष्कळदा सुई खाली टेकली त्या क्षणी कोण उपस्थित होते यावर ठरते.

* * *

१९७७ च्या ओळीला स्पष्टीकरण लागत नाही. एल्विस प्रेस्ली मेम्फिस येथील ग्रेसलँड या आपल्या घरी बेचाळिसाव्या वर्षी गेला आणि काही तासांत जगाला कळले. राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी निवेदन काढले, घराबाहेर हजारोंची रीघ लागली. जॉन्सनचा मृत्यू जितका नोंदीविना, तितकाच एल्विसचा मृत्यू नोंदींनी गजबजलेला. आणि तरीही ही दोन स्थळे काही एकमेकांपासून फार दूर नाहीत. एल्विसचा जन्मही मिसिसिपी राज्यातलाच, टुपेलो गावचा, गरीब गोऱ्या कुटुंबातला. ग्रीनवूडहून मोटारीने निघाले तर मेम्फिस अवघ्या काही तासांवर आहे. दोन मृत्यूंत एकोणचाळीस वर्षांचे अंतर आहे हे खरे. पण त्याहून मोठे अंतर कातडीच्या रंगाचे आहे.

५ जुलै १९५४ रोजी मेम्फिसच्या सन स्टुडिओत एल्विसने जे गाणे ध्वनिमुद्रित केले आणि ज्याने त्याच्या कारकिर्दीचा आरंभ झाला, ते 'दॅट्स ऑल राइट' हे मुळात आर्थर क्रुडप या कृष्णवर्णीय गायकाचे. क्रुडपने ते १९४६ साली गायले होते. एल्विसच्या मुद्रिकेवर गीतकार म्हणून क्रुडपचे नाव छापलेले होते. म्हणजे येथे कागदही होता. तरीही स्वामित्वधनाचा योग्य वाटा त्याला आयुष्यभर मिळाला नाही. शेतमजुरी करून त्याने दिवस काढले आणि १९७४ मध्ये तो वारला. केवळ नाव छापून येणे पुरत नाही. त्या नावाच्या बाजूने भांडणारा करार आणि वकील लागतो, हा धडा या मुद्रिकेने दिला.

अर्थात येथे एक गुंता आहे आणि तो लपवणे अप्रामाणिकपणाचे होईल. क्रुडपच्या गाण्यातील काही ओळी त्याच्याही आधीच्या, ब्लूजच्या सामायिक भांडारातल्या होत्या. ब्लाइंड लेमन जेफरसन याने १९२६ मध्येच त्या गायल्या होत्या. मग मूळ धनी कोण? आमच्यापैकी ज्यांनी लोकसाहित्य शिकवले आहे त्यांना हा प्रश्न परिचित आहे. 'परंपरेचे कोणी एक धनी नसते' हे वाक्य आम्ही वर्गात कितीदा उच्चारले असेल! ते खरेही आहे. परंतु ते वाक्य बाजाराच्या तोंडी गेले की त्याचा अर्थ बदलतो. परंपरेचे कोणी धनी नसते, म्हणून जो आधी नोंदणी करील तो धनी, असा तो अर्थ होतो.

दरवर्षी १५ ऑगस्टच्या संध्याकाळी ग्रेसलँडच्या फाटकापाशी लोक मेणबत्त्या घेऊन जमतात आणि रांगेने समाधीपर्यंत चालत जातात. आपल्याकडे देहूला बिजेच्या दिवशी जे घडते त्याच्याशी तुलना करण्याचा मोह होतो. या रात्री क्रुडपचे नाव किती जणांच्या ओठी येत असेल, हा प्रश्न मात्र आम्हांला छळतो.

* * *

१९९७ ची ओळ आपल्या घराजवळची आहे. नुसरत फतेह अली खाँ यांचे घराणे जालंधरचे. फाळणीत ते कुटुंब लायलपूरला, म्हणजे आजच्या फैसलाबादला गेले आणि तेथे १९४८ साली खाँसाहेबांचा जन्म झाला. १९९७ च्या ऑगस्टमध्ये दोन्ही देश स्वातंत्र्याचा सुवर्णमहोत्सव साजरा करत होते. त्या निमित्ताने ए. आर. रहमान यांचा 'वंदे मातरम्' हा संग्रह निघाला. त्यात शांततेची आळवणी करणारे एक गाणे रहमान आणि नुसरत यांनी मिळून गायले आहे. पाकिस्तानचा स्वातंत्र्यदिन झाला, भारताचा झाला, आणि दुसऱ्याच दिवशी, १६ ऑगस्टला, लंडनच्या रुग्णालयात खाँसाहेब गेले. वय अठ्ठेचाळीस.

त्यांच्या आवाजाने कागदाला किती वेळा हुलकावणी दिली हे पाहण्यासारखे आहे. १९८५ साली इंग्लंडमधील वोमॅड महोत्सवात ते गायले आणि पंजाबी-उर्दूचा एक शब्दही न कळणारे श्रोते भारावले. सीमेपलीकडून आलेल्या कॅसेटी मुंबई-पुण्याच्या पदपथांवर विकल्या जात. आणि आपल्या हिंदी चित्रपटांनी त्यांच्या चाली इतक्या मोकळ्या हाताने उचलल्या की 'मोहरा' (१९९४) मधल्या सर्वांत गाजलेल्या गाण्यावर नाचलेल्या आमच्या पिढीतील बहुतेकांना त्याच्यामागे खाँसाहेबांची कव्वाली आहे हे कित्येक वर्षे ठाऊकच नव्हते. खुद्द त्या कव्वालीची मुळेही सिंधमधल्या शाहबाज कलंदरांच्या दर्ग्यावरील परंपरेत आहेत. म्हणजे क्रुडपचाच गुंता येथेही आहे, फक्त भूगोल वेगळा.

पण कव्वालीने या गुंत्यावर पूर्वीच एक उतारा शोधून ठेवलेला आहे आणि तो आम्हां मराठीच्या अध्यापकांना चटकन ओळखता यायला हवा. बुल्ले शाहांच्या काफीत शेवटी बुल्ले शाहांचे नाव येते. कव्वाल कोणीही असो, तो ते नाव घेतल्याशिवाय रचना पुरी करत नाही. आपल्या अभंगांतील 'नामा म्हणे', 'तुका म्हणे', 'जनी म्हणे' यांचे प्रयोजन याहून वेगळे नाही. आम्ही नाममुद्रेकडे आजवर रचनेचा एक संकेत म्हणून पाहत आलो. चार गुणांच्या टिपेत तेवढे पुरते. परंतु ज्यांच्याजवळ ताम्रपट नव्हते, ज्यांना वतनाच्या कागदांत जागा नव्हती, त्यांनी आपला हक्क गाण्याच्या आतच गुंफून ठेवला. शब्द चोरणाऱ्याला नावासकट चोरावे लागेल, अशी ती व्यवस्था होती. जॉन्सनसुद्धा आपल्या चव्हाट्याच्या गाण्यात स्वतःचे नाव घेतो. १९०२ पासून कलकत्त्यात ध्वनिमुद्रण करणाऱ्या गौहरजान गाणे संपताच इंग्रजीत आपले नाव उच्चारत. जर्मनीतील कारखान्यात तबकडी कोणाची हे कळावे, एवढाच त्यामागे हेतू होता, असे सांगतात. असेलही. आज ऐकताना मात्र ती नाममुद्राच वाटते.

खाँसाहेबांच्या १९९० सालच्या एका विसरलेल्या ध्वनिमुद्रणाच्या फिती इंग्लंडमधील संग्रहात सापडल्या आणि २०२४ मध्ये त्यांची नवी ध्वनिमुद्रिका निघाली. मृत्यूच्या तारखेनंतर सत्तावीस वर्षांनी आलेली ही गाणी दिनविशेषाच्या कोणत्या रकान्यात लिहायची?

* * *

२०१८ च्या १६ ऑगस्टला अरेथा फ्रँकलिन डेट्रॉइट येथे गेली. त्याच दिवशी दिल्लीत अटलबिहारी वाजपेयी यांचे निधन झाल्यामुळे आपली वृत्तपत्रे त्या शोकाने व्यापलेली होती. अरेथाचा जन्म १९४२ सालचा आणि जन्मगाव मेम्फिस. म्हणजे आपल्या यादीतील तिघेजण मिसिसिपी नदीच्या त्या एकाच पट्ट्यातले.

'रिस्पेक्ट' हे गाणे जग अरेथाचे म्हणून ओळखते. ते लिहिले आणि प्रथम गायले ओटिस रेडिंग याने, १९६५ मध्ये. कामावरून थकून घरी येणारा पुरुष मान मागतो, असा त्याचा रोख होता. १९६७ साली अरेथाने तेच गाणे स्त्रीच्या तोंडी घातले, त्यात स्वतःची भर घातली आणि त्याचा अर्थ पालटला. नागरी हक्कांच्या आणि स्त्रियांच्या चळवळींनी ते आपले मानले. पण अमेरिकेच्या कायद्यानुसार आकाशवाणी केंद्रावर गाणे वाजले की मोबदला मिळतो तो गीत-संगीतकाराला; गाणाऱ्या आवाजाला नाही. त्यामुळे पन्नास वर्षे ते गाणे आकाशवाणीवर वाजत राहिले आणि त्या वाजण्याचे पैसे रचनेच्या हक्कदारांकडे जात राहिले. क्रुडपच्या उलट हे उदाहरण आहे. तेथे रचणारा वंचित राहिला, येथे गाणारी. कागदाचा न्याय कोणत्या बाजूला झुकेल याचा भरवसा नाही.

आणि कागदाने तिचा पाठपुरावा मृत्यूनंतरही सोडला नाही. तिने रीतसर मृत्युपत्र केले नाही असे आधी वाटले. पुढे घरात हाताने लिहिलेले कागद सापडले. त्यांतली २०१४ ची वही तर सोफ्याच्या गाद्यांखाली होती. मुलांत वाद झाला आणि जुलै २०२३ मध्ये मिशिगनमधील ज्यूरीने ती वहीच वैध मृत्युपत्र ठरवली. खाडाखोडीने भरलेल्या त्या पानांवर तिची सही होती. ही सुद्धा नाममुद्राच.

* * *

आता फळ्याच्या पहिल्या ओळीकडे परत येऊ. मुंबईच्या गिरणगावात रस्त्यावर सापडलेले एक अर्भक गंगाराम सुर्वे या गिरणी-कामगाराने घरी नेले, काशीबाईंनी वाढवले आणि त्याला आपले नाव दिले. चरित्रकोशांत त्याची जन्मतारीख १५ ऑक्टोबर १९२६ अशी दिलेली असते. ती कोणी ठरवली, या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर असे की, जन्मवेळी हजर असलेल्या कोणीही नाही. जगात नाव घालायचे तर कागद लागतो आणि कागदाला तारीख लागते, म्हणून ती आली. १६ ऑगस्ट २०१० ही तारीख मात्र निर्विवाद आहे. कारण तोवर त्या मुलाने मराठी कवितेत 'ऐसा गा मी ब्रह्म' (१९६२), 'माझे विद्यापीठ' (१९६६), 'जाहीरनामा' (१९७५) असे टप्पे गाठले होते, १९९५ च्या परभणी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषवले होते आणि त्याचे जाणे ही राज्याची बातमी होती. जन्माची नोंद नाही आणि मृत्यूची नोंद मोठ्या अक्षरांत, या दोन टोकांमधले आयुष्य त्याने स्वतः लिहून काढले. अरुण खोपकर यांनी त्यांच्यावर केलेल्या चित्रपटाचे नाव 'नारायण गंगाराम सुर्वे' असे आहे. रक्ताचे नसलेले ते मधले नाव आम्हांला मराठीतील एक मोठी नाममुद्रा वाटते.

सुर्वे यांचे नाव लोकप्रिय संगीताच्या यादीत कसे, असे कोणी विचारील. त्यांचे 'डोंगरी शेत माझं' हे गीत आठवावे. मोर्च्यांत, शिबिरांत, बायकांच्या मेळाव्यांत ते गायले गेले आणि अजूनही गायले जाते. वर्गात आम्ही त्याचा कर्ता विचारतो तेव्हा बहुतेक विद्यार्थी उत्तरतात, 'लोकगीत आहे.' वर्षानुवर्षे आम्ही या उत्तरावर खूष होत आलो. कवीचे गाणे लोकगीत व्हावे यासारखे भाग्य नाही, असे त्यावर भाष्यही करत आलो. त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नानंतर मात्र हे वाक्य आमच्या तोंडून सहज निघत नाही. ज्याला समाजाने जन्मतारीखही दिली नाही, त्याच्या गाण्यावरून त्याचे नाव पुसले जाते, आणि त्या पुसण्याला आपण गौरव म्हणतो. नामवंत घराण्यातील कवीच्या बाबतीत हे निनावी होणे विनयाचे असू शकेल. ज्याने नाव कमावण्यासाठी उभे आयुष्य वेचले त्याच्या बाबतीत ते दुसऱ्यांदा रस्त्यावर टाकणे आहे.

आपल्या परंपरेत एक कथा आहे. मंगळवेढ्याला गावकुसाचे काम चालू असताना भिंत कोसळून चोखामेळा आणि इतर मजूर गाडले गेले. ढिगाऱ्यातून हाडे निघाली, पण कोणती कोणाची हे कळेना. तेव्हा नामदेवांनी एकेक हाड कानाला लावले आणि ज्यातून विठ्ठलनाम ऐकू आले ते चोखोबांचे म्हणून पंढरपूरला नेले. मजुराची कबर कागदाने सापडत नाही, ती आवाजाने सापडते, असे ही कथा सांगते. पण तिच्यात कानाला लावणारा नामदेवही आहे, आणि त्याच्याशिवाय त्या आवाजाचा काही उपयोग नव्हता. मिसिसिपीच्या दप्तरखान्यात जुने दाखले उलगडणारा संशोधक, फिती धुंडाळणारा संग्रहपाल, गाणे संपल्यावर कर्त्याचे नाव घेणारा कव्वाल, ही सगळी माणसे त्याच कामाला लागलेली आहेत. साहित्याच्या अध्यापकाचे कामही याहून फार निराळे असू नये.

यंदापासून आम्ही फळ्याच्या लेखनात एक लहानसा बदल केला आहे. तारखेच्या शेजारी ती कोठून आली हे शक्य असेल तेव्हा लिहायचे : दाखल्यावरून, वृत्तपत्रावरून, आठवणीवरून, की नुसत्या सोयीवरून. सुर्वे यांच्या जन्मदिवसाच्या ओळीपुढे 'मानलेली तारीख' असे शब्द येतील. आणि गाणे कोणाचे आहे हे ठाऊक असेल तर 'लोकगीत' असे लिहायचे नाही. तो विद्यार्थी आता पदवी घेऊन बाहेर पडला आहे. त्याने ही दुरुस्ती वाचली, तर त्यातले ऱ्हस्व-दीर्घ या वेळी त्याने तपासावेत.